एकेचाळीस नंबरचा गाळ

एकेचाळीस आणि सहासष्ट या दोन बाटल्यांत एकच गाळ होता. नारायणरावाच्या पत्रात हे वाक्य तिसऱ्या ओळीत आलं आणि भगवंतरावांनी ते कॉलेजच्या स्टाफरूममध्ये खिडकीशी उभं राहून तीनदा वाचलं. वाक्य अवघड नव्हतं, अक्षरं विरघळत होती. कागद लांब धरला की शाई फिकी व्हायची, जवळ आणला की ओळी एकमेकींत मिसळायच्या. मधल्या एका नेमक्या अंतरावर, मान जराशी कलती ठेवली तर दोन-तीन शब्द स्वच्छ दिसायचे, तेवढ्यात पुढचे हातचे जायचे. जानेवारीतलं ऊन होतं, बुलढाण्याचं, अंगाला बरं वाटणारं. पण त्या उन्हाभोवतीही त्यांना गेल्या पावसाळ्यापासून एक दुधट कडं दिसत होतं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

नारायणराव हा त्यांचा नागपूरचा वर्गमित्र. तो मुंबईला समुद्राच्या तळाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत होता. पत्र मित्राचंच होतं, अक्षरही नेहमीसारखं धावरं. ‘राग मानू नकोस. मी काही बाटल्या मुद्दाम दोनदा पाठवतो, वेगळा आकडा घालून. मोजणाऱ्या सगळ्यांनाच पाठवतो. एकेचाळीस म्हणून तू मोजलेस तेव्हा शंभरात अडतीस डावे आले. सहासष्ट म्हणून मोजलेस तेव्हा त्याच गाळात शंभरात एक्याऐंशी. इथे गाळ धुऊन बाटल्यांत भरायचं आणि चिठ्ठ्या चिकटवायचं काम सोजराबाई म्हणून एक विधवा बाई करतात. वरच्यांचं म्हणणं, चिठ्ठी त्यांनीच चुकवली. त्यांना कामावरून काढायचं घाटतंय. “माझी मोजणी बरोबर आहे” एवढी एक ओळ तू लिहिलीस तर प्रश्न तिथेच मिटेल. तसं नसेल तर तेही लिही. महिनाअखेरीला अहवाल जायचा आहे.’

भगवंतरावांनी पत्राची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि घंटा झाली म्हणून वर्गावर गेले. भूगोल शिकवताना त्यांना पुस्तक लागत नसे. मागच्या बाकांवरची पोरं त्यांना आता नुसती निळी-पांढरी हलती ठिपकी होती, पण आवाजावरून ती नावानिशी ओळखू यायची. फळ्यावर बोटांच्या अंदाजानं काढलेला हिंदी महासागर पूर्वीपेक्षा जास्त गोलसर येतो हे कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं. तास संपला. घराकडे वळायच्या जागी ते राजूर घाटाच्या रस्त्यानं चालू लागले. पाय कुठं न्यायचे हे त्यांनी ठरवलं नव्हतं, पायच नेत होते. घाटाच्या तोंडाशी, जिथून खाली मोताळ्याकडचा सगळा सपाट मुलूख पसरलेला दिसतो, तिथं एका दगडावर ते बसले. खाली काही दिसत नव्हतं. धुरकट, राखाडी, आडवं असं काहीतरी. धुकं तिथं होतं की त्यांच्या डोळ्यांत, हे त्यांना कळेना.

त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. वय चव्वेचाळीस. देऊळघाटच्या माळ्याचा पोरगा, वांगी-मेथीच्या वाफ्यात वाढलेला, नागपूरला भूगर्भशास्त्र शिकून आलेला, आणि गेली चार वर्षं अरबी समुद्राच्या तळचा गाळ आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांत मोजणारा. लोकांना सांगायला गेलं तर हसू येईल असंच काम ते. जहाजावरून एक लांबलचक लोखंडी नळ समुद्रात सोडायचा, तो तळाच्या चिखलात रुतवायचा, वर ओढायचा आणि आतला चिखल काकडीसारखा चकत्या करून कापायचा. सगळ्यात वरची चकती आजची, खालची जुनी. एका चकतीचा चार बोटं गाळ साचायला दीड-दोन हजार वर्षं लागतात. प्रत्येक चकती धुऊन गाळली की उरतात ते बारीक शंख, खसखशीएवढे, पाण्यात तरंगून जगलेल्या जिवांची घरं. त्यातली एक जात अशी की थंड पाण्यात तिचे शंख बहुतेक डावीकडे वळतात, ऊबदार पाण्यात उजवीकडे. डावे किती, उजवे किती हे मोजलं, की पाणी केव्हा थंड होतं आणि केव्हा उबलं याचा एक अंदाज बांधता येतो. माणसानं लिहायला शिकण्याच्या कितीतरी आधीचा. नारायणराव चकतीमागे एक अशा बाटल्या पाठवायचा, नंबर जितका मोठा तितका गाळ खालचा. भगवंतराव त्या काळ्या तबकडीवर ओतून, त्यानंच दिलेल्या एकडोळी सूक्ष्मदर्शकाखाली, ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक दाणा उचलून वेगळा करायचे. या कामाबद्दल त्यांना काही मिळत नव्हतं. अहवालाच्या शेवटी लहान अक्षरांत नाव यायचं. त्यांना तेवढंही पुष्कळ होतं, कारण या बाटल्या त्यांच्याकडे एका वेगळ्याच गोष्टीची भरपाई म्हणून आल्या होत्या.

त्रेसष्ट साली एक परदेशी संशोधनाचं जहाज मुंबईला लागलं होतं आणि सहा आठवड्यांच्या फेरीवर चार हिंदी माणसं घेणार होतं. नारायणरावानं खटपट करून त्यांचं नाव घातलं. निवड झाल्याचं पत्र आलं. बायको, सुभद्राबाई, तेव्हा माहेरी दुसरबीडला बाळंतपणासाठी गेलेली. जायच्या पाच दिवस आधी मेहकरहून केलेली मेव्हण्याची तार आली. पोर सातव्या महिन्यात गेलं, बाईला टायफॉइड झाला, लवकर या. भगवंतरावांनी मुंबईला उलट तार केली, येता येत नाही, आणि दुसरबीडची मोटार धरली. महिनाभर ते सासऱ्याच्या ओसरीवर बायकोच्या उशाशी बसून होते. जहाज गेलं. ती बरी झाली. जहाजाचं त्यांनी तिला कधीच सांगितलं नाही. बायकोच्या मनाला उगीच का लागू द्यायचं, असं तेव्हा वाटलं. पुढं ते न सांगणंच त्यांचं एक गुपित धन झालं. आमटीत मीठ जास्त पडलं, तिनं कपाट उघडं टाकलं, देवळातून यायला उशीर केला, की तोंडानं काही न बोलता ते मनात म्हणत, हिच्यासाठी आपण समुद्र सोडला. तेवढं म्हटलं की राग निवायचा, आणि आपण फार चांगले आहोत असं वाटून जेवण गोड लागायचं.

दगडावर बसून त्यांनी बाटल्या आठवून पाहिल्या. चिठ्ठीवर सहासष्ट म्हणजे गाळ पुष्कळ खालचा, फार जुन्या थंडीतला. त्यांना ते ठाऊक होतं. दाणा भिंगाखाली आला की तो डावा असणार हे डोळ्यांआधी मनानं ठरवलेलं असायचं. एकेचाळीस म्हणजे पाणी उबत जाण्याच्या काळातला, म्हणून तिथं उजवे वाढणार, हेही ठाऊक. लबाडी म्हणावी तर तशी नव्हती. स्वच्छ दिसलेला दाणा त्यांनी कधीच चुकीच्या बाजूला टाकला नव्हता. पण गेल्या सहा महिन्यांत स्वच्छ दिसणारे दाणे शंभरात वीस-पंचवीस उरले होते. बाकीचे नुसते पांढुरके थेंब. तो थेंब कुंचल्यावर घेऊन ते क्षणभर थांबत, आणि आजूबाजूच्या बाटल्यांनी जे सांगितलं असेल त्या बाजूला तो अलगद ठेवून देत. थांबणं खरं होतं. त्या थांबण्यात त्यांना प्रामाणिकपणा वाटायचा. शेवटी आकडे इतके सुरेख येत, तक्त्यावर रेषा अशी सरळ चढत जाई, की नारायणरावानं एकदा लिहिलं होतं, तुझ्यासारखा मोजणारा नाही. ते वाचून त्या दिवशी त्यांनी पेढे आणले होते. आता तो पेढ्यांचा पुडा आठवला आणि कानशिलं तापली. मग सोजराबाई डोळ्यांपुढं आली. तिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तरी ती दिसली. चाळणीवर वाकलेली, हात कोपरापर्यंत ओले, पदर खोचलेला. चेहरा मात्र दिसेना. सगळ्यांचेच चेहरे हल्ली दिसत नव्हते.

घरी आले तेव्हा तीन वाजले असतील. संक्रांत चार दिवसांवर आलेली. सुभद्राबाई ओट्यावर उन्हात सूप घेऊन तीळ निवडत बसली होती. भगवंतराव पायरीशी आले, उजव्या पायाच्या बोटांनी उंबरा चाचपला आणि आत जाऊ लागले.

“खिळ्याले कोट अडकवू नका, तो खिळा मी सकाळीच काढला,” ती मागून म्हणाली. “दाराच्या मांगं नवा ठोकला. तुमाले लागत व्हता.”

ते थबकले. “मला काही लागत नव्हता.”

“दोनदा कपाय फुटता फुटता वाचलं. पाट मी कवापासून भितीले लावून ठिवते? पाण्याचा तांब्या तुमच्या उजव्या हाताले काऊन ठिवते? अवो, मले का दिसत नाई तुमाले दिसत नाई ते? मी वाट पाहून राह्यली का तुमी सोताहून सांगसान.”

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच त्यांना बसावं लागलं. ओट्याच्या कडेला बसून त्यांनी पत्र काढलं, तिच्या हातात दिलं. चौथीपर्यंत शिकलेली होती ती. ओठ हलवत, बोट फिरवत तिनं सगळं वाचून काढलं. मध्ये दोनदा नारायणरावाच्या अक्षराला नावं ठेवली.

“म्हंजे चूक त्या बाईची नाई.”

“नाही.”

“तुमची हाये.”

“हो.”

“मंग लिहा ना तसं. त्यात इचार कायचा?”

इतकं सोपं करून टाकलेलं त्यांना सोसलं नाही. सकाळपासून छातीत जे घुसमटत होतं ते भलत्याच वाटेनं बाहेर पडलं. तसं लिहिलं की सगळं संपलं, बाटल्या येणं बंद, ते म्हणाले. तुला काय माहीत या बाटल्या मिळायच्या आधी मी काय सोडलंय. तिनं सूप खाली ठेवलं, काय सोडलं म्हणून विचारलं, आणि सहा वर्षं जपलेलं ते धन त्यांनी एका दमात तिच्यापुढं ओतलं. जहाज, सहा आठवडे, निवडीचं पत्र, मेहकरची तार. आता ती रडेल असं त्यांना वाटत होतं. तिचं रडणं कसं थोपवायचं याची वाक्यंही तयार होती.

सुभद्राबाई रडली नाही. तिच्या बाजूला नुसता एक हिरवट आकार होता, लुगड्याचा, आणि तो अजिबात हलत नव्हता.

“मले काऊन नाई इचारलं?” ती म्हणाली.

“तू तापात होतीस.”

“तापात व्हती तरी कान व्हते मले. माह्यी माय व्हती उशाशी, भाऊ व्हता. डाक्तर येत व्हता मेहकरहून. तुमी तिथं बसून काय केलं? पंखा हालवला. जाय म्हटलं असतं मी. खरंच म्हटलं असतं.” तिनं पत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. “अन् आता सहा वर्सांनी माह्या नावावर टाकता? इतके दिवस मनात माह्या नावावर लिहून ठिवलं, अन् मले माहीतही नाई?”

“तुझ्यासाठीच—”

“माह्यासाठी नाई. तुमाले पाण्याचं भेव हाये.”

ते ओट्यावरून उठायला लागले.

“लग्नानंतर पयल्यांदा दुसरबीडले निंघालो, खडकपूर्णेतून गाडी काढली, तवा तुमी डोये मिटून माह्या मनगटाले धरलं व्हतं. गुडघाभर पाणी. गाडीवाला हासत व्हता. मी कोनाले सांगलं नाई आजवर.” तिनं सूप उचललं आणि आत गेली. स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज येईल म्हणून ते वाट पाहत राहिले. आला नाही.

त्या संध्याकाळी त्यांचं जेवण त्यांना वाढलं गेलं, पाण्याचा तांब्या उजव्या हाताला होता, पण बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशीही झालं नाही. भगवंतराव वर्गावर गेले, परीक्षेचे पेपर पुढं ढकलले, परत आले. तिचं ते वाक्य पायात काटा मोडावा तसं चालताना सलत होतं. देऊळघाटच्या मळ्यातली विहीर आठवली. ते दहा वर्षांचे असताना मोठ्या भावानं, हिंमतरावानं, पोहायला शिकवतो म्हणून पाठीला वाळका भोपळा बांधून ढकललं होतं. दोर सुटला. डोळे उघडे होते आणि सगळीकडे हिरवं होतं, वरती उजेडाची एक नाण्याएवढी टिकली होती आणि ती लहान होत होती. हिंमतरावानंच केस धरून वर काढलं. घरी दोघांनीही सांगितलं नाही. त्यानंतर ते विहिरीच्या काठावर कधी उभे राहिले नाहीत. नागपूरला सहलीत तलावावर गेले की ते डबे सांभाळायला बसत. असा माणूस समुद्राच्या तळाचा अभ्यास करतो यात त्यांना आजवर काही विसंगत वाटलं नव्हतं, कारण बाटलीतला समुद्र कोरडा होता. आणि मग, स्टाफरूममधून घरी येताना, बाजाराच्या तोंडाशी, मिरच्यांच्या ढिगाला वळसा घालता घालता त्यांना मेहकरची तार हातात आली तो क्षण जसाच्या तसा आठवला. निवडीचं पत्र आल्यापासून आठ दिवस त्यांना धड झोप नव्हती. बोटीच्या कडेवरून खाली पाहण्याची कल्पना आली तरी हाताला घाम सुटत होता. तार फोडली, वाचली. आणि सगळ्यात आधी, पोर गेल्याचं दुःख व्हायच्याही आधी, बायकोची काळजी वाटायच्या आधी, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. आता जावं लागणार नाही. मग दुःख आलं, खरंच आलं, पोटातून आलं. पण ते दुसऱ्या नंबरावर आलं. हे त्यांनी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. त्याच्यावर त्यांनी त्याग नावाचं एक चांगलं झाकण घातलं होतं, आणि ते बायकोच्या हातानं निघालं होतं.

“पाहून चाला ना सर,” भाजीवाली म्हणाली. ते मिरच्यांवर पाय द्यायच्या बेतात होते.

घरी आल्यावर चपला काढण्याआधी त्यांनी ते सांगितलं. सुभद्राबाई खिडकीशी बसलेली होती. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, तार, सुटका, पोर, सगळ्याचा क्रम जसा होता तसा. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “बसा.” ते बसल्यावर म्हणाली, “पोराचं मलेही पयल्या दिशी काई वाटलं नव्हतं. तापात व्हती. पाणी पायजे एवढंच वाटत व्हतं. मी म्हटलं मी कशी माय हाय.” तिनं हे आधी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी हात पुढं केला. तो अंदाजानं केला होता, तिच्या खांद्याला लागायचा तो कानाला लागला. तिनं तो तिथंच राहू दिला.

मग तिनं हात धरून त्यांना टेबलापाशी नेलं. टेबलावर सूक्ष्मदर्शक होता आणि त्याच्याजवळ काडेपेटीचे दोन उघडे खण. आत काहीतरी होतं, त्यांना धूळ वाटली.

“एकेचायीस नंबरच्या बाटलीत उरलं व्हतं ते सांडलं मी काय्या तबकडीवर. सकायपासून बसली हाय. हे डाव्या सोंडेचे, हे उजव्या सोंडेचे. गनपतीवानी. पाहा बरुबर हायेत का.”

त्यांनी डोळा लावला. भिंगाखाली दूध सांडलेलं होतं. सवयीनं ते थांबले, आणि थांबल्याबरोबर मनानं नेहमीसारखं सांगितलंही, हे उजवे असावेत. त्यांनी डोळा काढून घेतला. “मला दिसत नाही,” ते म्हणाले. एवढं मोठ्यानं, एवढं सरळ ते पहिल्यांदाच म्हणाले होते, आणि घर होतं तसंच उभं राहिलं.

“मंग बरुबर का चूक कसं कयन?”

“एक सांग. दाणा कोणत्या अंगावर ठेवून पाहतेस? पालथा पाहिला तर डावा उजवा दिसतो.”

ते तिला माहीत नव्हतं. त्यांनी तिला शिकवलं. टोकदार अंग वर आलं पाहिजे, नसेल तर कुंचल्यानं कुशीवर घेऊन फिरवायचा. कुंचला जास्त ओला नको, दाणा चिकटून बसतो. कोरडा नको, उडून जातो. दोन्ही खणांतले दाणे त्यांनी परत एकत्र केले. तिनं कपाळाला हात लावला, पण पुन्हा बसली. आकडे तिनं त्यांना सांगायचे नाहीत, कागदावर लिहून डब्यात टाकायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मिसळून पुन्हा मोजायचे असं ठरलं. तिसऱ्या दिवशी डबा उघडला. तीनशे दाण्यांत एकदा दोनशे एकोणतीस डावे आले होते, एकदा दोनशे एकतीस, एकदा दोनशे तीस. सुभद्राबाईला वाटलं आपण नापास झालो, तिन्ही वेगवेगळे आले. भगवंतराव खुर्चीत मागं रेलले. त्यांच्या चार वर्षांत इतकं नेमकं त्यांना कधी जमलं नव्हतं. आणि शंभरात शहात्तर-सत्त्याहत्तर डावे म्हणजे एकेचाळीसमध्ये त्यांनी उबवलेलं पाणी खरं तर गारठलेलं होतं.

पत्र त्यांनी सांगितलं, तिनं लिहिलं. ‘सोजराबाईंचा दोष नाही. माझे डोळे गेले सहा-सात महिने बिघडले आहेत. दिसत नव्हतं तिथं मी अंदाज केला, आणि तो अंदाज आहे हे लिहिलं नाही. एकतीस नंबरपासून पुढचं माझं सगळं फेकून द्यावं.’ इथपर्यंत लिहून, खाली एकेचाळीसच्या तिन्ही मोजण्यांचे आकडे घालून तिनं विचारलं, “माह्यं नाव घालू का?” ते म्हणाले, घाल. तिनं घातलं आणि स्वतःच पोस्टात नेऊन टाकलं, संक्रांतीचं वाण लुटायच्या आधी.

पंधरा दिवस काही आलं नाही. त्या पंधरा दिवसांत भगवंतराव पोस्टमनच्या सायकलची घंटा ओळखायला शिकले. मग एक लाकडी खोकं आलं. भुशात बसवलेल्या छत्तीस बाटल्या, एकतीसपासून पुढं. वर चारच ओळी. ‘खरं लिहिलंस, बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. सोजराबाईंना यातलं काही कळलेलं नाही, कळवणारही नाही. त्या आपल्या रोज चाळण्या धुतात. अहवाल मी दोन महिने पुढं ढकलून घेतला. वहिनींनी घाई करू नये. तू आधी डोळे दाखव.’

डोळे दाखवले. मोतीबिंदू दोन्हीकडे, उजवा पिकलेला. फाल्गुनात शेगावला एका धर्मशाळेत डोळ्यांचं शिबिर होतं, तिथं शंभर माणसांच्या रांगेत झोपून उजव्याचं ऑपरेशन झालं. सात दिवस हलायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. बाहेर टाळ वाजत, लोक प्रसादाच्या पंगतीला हाका मारत, आणि सुभद्राबाई चमच्यानं पेज भरवत. आठव्या दिवशी मोटारीनं हळूहळू बुलढाण्याला आले. अजून दोन्ही डोळ्यांवर पट्टीच होती, महिन्याभरानं जाड भिंगांचा चष्मा मिळणार होता. शेगावला जायच्या आधीच तिनं चौतीस बाटल्या मोजून आकडे मुंबईला धाडले होते. दोन राहिल्या होत्या.

नारायणरावाचं उत्तर दारात पडलेलंच होतं. खाटेवर त्यांना निजवून, पाण्याचा तांब्या हाताला ठेवून तिनं ते वाचलं. अडखळत वाचत होती. ‘एकेचाळीसपासून अडतीसपर्यंत डावे कमी कमी होत जातात, हे अपेक्षेप्रमाणेच आहे, फक्त तुझ्या रेषेपेक्षा उशिरा. पण सदतीस, छत्तीस, पस्तीस या तीन बाटल्यांत डावे पुन्हा उसळून आलेत. म्हणजे पाणी उबायला लागलं होतं आणि पुन्हा थंड पडलं. हे आम्ही कुणी धरलं नव्हतं. तुझ्या आधीच्या आकड्यांत तिथं काहीच नव्हतं, रेषा सरळ चढत गेली होती. आत्ताच काही म्हणता येणार नाही, शेजारचा दुसरा नळ तपासावा लागेल. तिथंही असंच निघालं तर ही थंडी आमच्या वहीत पहिल्यांदा वहिनींच्या हातून आलेली असेल. वहीत त्यांचं पूर्ण नाव लिहिलं आहे.’

भगवंतराव पट्टीखाली डोळे मिटून पडून होते. तीन बाटल्या. बारा बोटं गाळ. पाच-सहा हजार वर्षं, म्हणजे आपण कुंचल्याच्या टोकानं पुसून टाकलेली. एवढा मोठा काळ कुणी इतक्या हलक्या हातानं मारला नसेल. त्यांना लाज वाटली, पण ती पूर्वीसारखी जाळणारी नव्हती. अंगावर पांघरूण घ्यावं तशी ती वजनदार होती, आणि तिच्याखाली पडून राहता येत होतं.

“अवो,” ती म्हणाली, “समुद्र थंड पडला म्हंजे आपल्याकडे पाऊस कमी झाला असन?”

“झाला असेल. नारायणला तसं वाटतं. नक्की कुणालाच माहीत नाही.”

“माणसं व्हती तवा?”

“होती. इकडं तिकडं नदीच्या काठानं.”

“मंग त्यायनं काय केलं असन?”

चव्वेचाळीस वर्षांत, एवढी पुस्तकं वाचून, त्यांनी त्या गाळाकडं पाहून हा प्रश्न कधी विचारला नव्हता. त्यांच्या तक्त्यावर पाणी होतं, रेषा होती, माणसं नव्हती. पाऊस येईना म्हणून आभाळाकडं पाहणारी एखादी बाई, तिच्या कडेवरचं पोर, त्यांचं कुठं नाव नाही, शंख नाही.

“निघाली असतील दुसरीकडे,” ते शेवटी म्हणाले. “काही राहिली असतील.”

“राह्यली असतीन,” ती म्हणाली. “आपण हाओत ना.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती खिडकीशी गेली. बाटलीचं बूच निघालं, तबकडीवर कोरडा बारीक सडा पडल्यासारखा आवाज आला, मग वाटीत कुंचला बुडाला, आणि मग काहीच नाही. दुपारचं ऊन पायांवर आलेलं त्यांना कळत होतं. शेजारी कुणी पापड वाळत घालत होतं. भगवंतरावांना तिला विचारायचं होतं की दाणा कसा दिसतो, रंग कसा आहे, कडेला चकाकी आहे का. चार वर्षांत आपण तो नीट पाहिलाच नाही, असं सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

“थांबा,” ती म्हणाली. “सत्त्याहत्तर.”

मिनिट गेलं, दोन गेली. घशात खोकल्याची उबळ आली. ती डॉक्टरांच्या धाकानं दाबायचीच होती. पण भगवंतरावांनी उशीचं टोक दातांत धरून, श्वास रोखून, ती उबळ परतवली ती तिची मोजणी चुकू नये म्हणून.

“अठ्ठ्याहत्तर,” खिडकीतून आवाज आला. “हा उजवा.”